पारावरचा अर्धा तास

"मारोतराव इथंच बसलेत. सुईनं काय होतंय ते त्यांनाच विचारा," भुजंगराव म्हणाले, आणि पारावरची सगळी माणसं माझ्याकडं वळली.

मी देवळाच्या भिंतीला टेकून खाली मान घालून बसलो होतो. केवळा गेल्यापासून पंचवीस दिवस मी असाच बसत होतो. बायको गेलेल्या माणसाला मान वर कर असं कुणी म्हणत नाही.

दोन हजार एकवीसचा मे महिना होता. दुकानं सकाळी सात ते अकरा उघडी. लग्नाला पंचवीस माणसं. सभेला तर बंदीच होती, पण सरपंच बळीराम म्हणाला, ही सभा नाही, लोक दर्शनाला आलेत. देवळाला कुलूप होतं, ते कुणी बोलून दाखवलं नाही.

आमचं गाव वसमतच्या बाजूला, हळदीचं. पहिल्या वर्षी गावातला एकही माणूस गेला नव्हता. त्यामुळं हा रोग शहरातल्या लोकांचा, अशी आमची समजूत झाली होती. दुसऱ्या वर्षी एप्रिलपासून चार माणसं गेली. त्यात तिसरी माझी केवळा. आजारी किती होते ते कुणालाच माहीत नव्हतं, कारण तपासणीला कुणी जात नव्हतं. खोकला आला की माणूस बाज उचलून मळ्यात राहायला जायचा.

लिंबाखाली आरोग्य केंद्राची गाडी उभी होती. त्यात एक डॉक्टर बाई, एक नर्स आणि बर्फाचा निळा डबा. डॉक्टर बाईंनी आल्या आल्याच सांगितलं होतं की एका बाटलीत दहा माणसांचा डोस असतो आणि बाटली उघडली की चार तासांत संपवावी लागते. दहा नावं आली तर उघडीन, नाहीतर अकराला पुढच्या गावाला जाईन. आता साडेनऊ झाले होते आणि एकही नाव आलं नव्हतं.

बोलणारे मात्र पुष्कळ होते. एक जण म्हणाला, सुई घेतली की दंडाला लोखंड चिकटतं. दुसरा म्हणाला, पोरं होत नाहीत. त्यावर कुणीतरी त्याला विचारलं की साठाव्या वर्षी तुला अजून किती पाहिजेत. एकाला समजलं होतं की सुईनंतर पंधरा दिवस दारू चालत नाही, आणि त्याचा विरोध तेवढ्यापुरताच होता. तिकडं निवडणुकीच्या सभांना लाख-लाख माणूस जमतं, तिथं रोग जात नाही, आमच्या वरातीतच कसा येतो, असंही निघालं. बळीरामनं सांगितलं की त्याच्या भावानं हैदराबादेत दोन्ही सुया घेतल्या आणि तो ठणठणीत आहे.

भुजंगराव म्हणाले, "तुझ्या भावानं घेतली, तो हैदराबादेत आहे. केवळावहिनीनं घेतली, ती कुठं आहे?"

बळीराम देवळाच्या कुलपाकडं बघायला लागला.

भुजंगरावांचं किराणा दुकान आहे. ते आणि मी चौथीपर्यंत एका पाटावर बसलो. मी नांदेडच्या दवाखान्यातून एकटा परत आलो तेव्हा माझ्या गल्लीतून माणसं जायची बंद झाली. माझी तपासणी झाली होती, मला काही निघालं नव्हतं, तरी लोक भीत होते. मुलगा पुण्यात, त्याला येता आलं नाही. त्या दिवसांत भुजंगराव रोज माझ्या उंबऱ्यावर डबा ठेवायचे. मग समोर रस्त्याच्या पलीकडं रिकामं खोकं उलटं टाकून त्यावर बसायचे. मी जेवेपर्यंत उठायचे नाहीत. सोयाबीनच्या बियाण्याचं बोलायचे, कुणाच्या बैलाचं बोलायचे. केवळाचं एकदाच बोलले. तेराव्याला, दहा माणसांसमोर ते म्हणाले, सुईनंच नेलं वहिनीला. मी मान खाली घातली. लोकांनी तो माझा होकार धरला.

त्या दिवसापासून पंचफुलाचे हाल सुरू झाले.

पंचफुला खिल्लारे आमच्या गावची आशाताई. एप्रिलमधलं सुईचं शिबिर तिनंच आणलं होतं. घरोघर जाऊन पंचेचाळीसच्या पुढच्या बायका गोळा केल्या होत्या. तेराव्यानंतर लोक तिला दार उघडेनात. गिरणीवर तिचा डबा सगळ्यांच्या मागं सरकवायचे. एका म्हातारीनं तिच्या तोंडावर सांगितलं की तू माणसं मारायचा पगार घेतेस. पंचफुला एकदा माझ्या दारापर्यंत आली होती. अंगणातच उभी राहिली आणि म्हणाली, "मामा, मामीचं नाव माझ्या वहीत नाही. मी सांगते तर लोक म्हणतात वही बदलली. तुम्हाला तरी माहीत असंल." मी आत बसून राहिलो. ती बराच वेळ उभी होती. मग चप्पल घालून गेली.

आता ती गाडीजवळ वही छातीशी धरून उभी होती.

भुजंगरावांनी खिशातून एक कागद काढला. तालुक्याला द्यायचा अर्ज होता. गावाला सुई नको, आणि ही आशाताई नको, दुसरी द्या. त्यांनी तो मोठ्यानं वाचला. त्यात केवळाचं नाव दोनदा होतं. वाचून झाल्यावर ते माझ्याजवळ आले आणि कागद माझ्या मांडीवर ठेवला. पेनाचं टोपण स्वतःच काढून दिलं.

"पहिली सही तुझी," ते म्हणाले. "तुझं घर गेलंय. तू केलीस की बाकीचे करतात."

मी पेन घेतला. मला सही येते. हळद शिजवायच्या कुकरच्या मालकाच्या पावत्यांवर मी सात वर्षं सही केली आहे. कागदावर माझं नाव लिहून त्यापुढं जागा सोडली होती. मी पेन टेकवला आणि हात पुढं जाईना. डोळे मिटून पाहिलं, उघडून पाहिलं. भुजंगरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं मी रडतोय.

"केवळानं सुई घेतली नाही," मी म्हणालो.

मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही. काय म्हणायलेत, काय म्हणायलेत, असं चाललं. मग मी उभा राहिलो आणि पुन्हा सांगितलं.

"रांगेत होती ना," एक बाई म्हणाली. "माझ्या बरीच पुढं होती. मी डोळ्यानं बघितलं."

"रांगेत होती. मी बोलावून घेतलं तिला."

मग मला सगळंच सांगावं लागलं. मी तो कुकर चालवतो. मोठं पाण्याचं भांडं असतं, खाली जाळ, वाफ नळीनं चार ड्रममध्ये जाते. गाडा एका शेतातून दुसऱ्या शेतात न्यायचा. प्रत्येकाचा नंबर लागलेला असतो. ज्याचा नंबर चुकला त्याला आठ दिवस थांबावं लागतं आणि तोवर खणलेली हळद शेतात वाळत पडते. शिबिराच्या दिवशी मी पहाटेपासून जाळ घातला होता. वाफ भरली, आणि ड्रम भरायला बायका नाहीत. सगळ्या शिबिराला गेलेल्या. ज्याचं शेत होतं तो डोक्यावर येऊन उभा राहिला. मी केवळाला फोन लावला. ती म्हणाली, माझ्यापुढं तीनच बाया आहेत, अर्ध्या तासात येते. मी म्हणालो, सुई उद्या पण मिळंल, वाफ थांबत नाही, ये. ती आली. दुपारपर्यंत ड्रम भरत होती. दुसऱ्या दिवशी शिबिर नव्हतं. सहाव्या दिवशी तिला ताप आला. पंधराव्या दिवशी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात ती गेली.

"पंचफुलाबाईची वही खरी आहे," मी म्हणालो. "मी तोंड उघडलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर हे पण सांगावं लागलं असतं."

मी पंचफुलाकडं पाहिलं नाही, माझी हिंमत झाली नाही. भुजंगराव मात्र माझ्यासमोरच उभे होते, त्यांच्याकडं पाहावंच लागलं.

"पंचवीस दिवस," ते म्हणाले. "मी रोज तुझ्यासमोर बसलो. गावभर तुझ्यासाठी भांडलो. मला सांगायला काय झालं होतं?"

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला, घडी केली, खिशात घातला. पेन मात्र तसाच माझ्या हातात राहिला. ते पाराच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि माझ्याकडं पाठ करून बसले.

मी चालत गाडीपाशी गेलो आणि डॉक्टर बाईंना म्हणालो की मला सुई द्या. त्या वयानं माझ्या सुनेएवढ्या असतील. त्यांनी विचारलं, तुम्हाला कोरोना झाला होता का. मी नाही म्हणालो. मग त्यांनी पाराकडं पाहिलं. अजून नऊ माणसं पाहिजे होती. एकही उठला नाही. केवळानं सुई घेतली नव्हती हे आता कळलं होतं, पण इतके दिवस मुरलेली भीती एका वाक्यानं जात नाही. सगळे बसल्या जागी बसून राहिले, पुढं काय होतं ते बघत.

"बाटली उघडा बाई," पंचफुला म्हणाली. "इथं नाही संपली तर पुढच्या गावात संपंल. अर्ध्या तासाचा रस्ता आहे."

डॉक्टर बाईंनी घड्याळ पाहिलं आणि नर्सला हो म्हणाल्या.

पंचफुलानं वहीत माझं नाव लिहिलं. आधार नंबर विचारला, मोबाईल नंबर विचारला, वय विचारलं. सगळं तिला तोंडपाठ असणार, तरी विचारलं. मी सांगत गेलो. शेवटी म्हणालो, "बाई, माझं चुकलं."

ती लिहीतच होती. "दंड उघडा करून बसा मामा," ती म्हणाली. मग म्हणाली, "तुम्ही आज पण बोलला नसता तर मी काम सोडणार होते. घरी सांगून आले होते."

सुई लागली ती कळली पण नाही. मुंगीही याहून जोरात चावते. नर्सनं सांगितलं की आता अर्धा तास इथंच बसायचं, चक्कर येते का बघायचं. बळीरामनं देवळाच्या ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची आणून दिली.

मी खुर्चीत बसलो आणि सगळं गाव माझ्यासमोर बसलं. चाळीस-पन्नास माणसं, आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर. कुणी कुजबुजलं की याचा चेहरा उतरलाय. दुसरा म्हणाला, त्याचा चेहरा आधीपासूनच तसा आहे. एका म्हातारीनं ओरडून सांगितलं की खुर्ची सावलीत घ्या, नाहीतर माणूस उन्हानं मरंल आणि सुईचं नाव होईल. मग दोघांनी मला खुर्चीसकट उचलून लिंबाखाली ठेवलं.

डॉक्टर बाई गाडीच्या पायरीवर माझ्याजवळ बसल्या होत्या. गावाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात मी त्यांना विचारलं. हे विचारायचं म्हणूनच मी बोललो होतो की काय, असं आता मला वाटतं.

"बाई, त्या दिवशी मी तिला बोलावलं नसतं, तिनं सुई घेतली असती, तर ती वाचली असती का?"

त्यांनी तारखा विचारल्या. शिबिर कधी, ताप कधी. बोटांवर मोजलं.

"काका, सुईचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात," त्या म्हणाल्या. "त्यांना सहाव्या दिवशी ताप आला. म्हणजे रोग अंगात त्याच्याही आधी शिरला असणार. त्या दिवशी सुई घेतली असती तरी ती एवढ्यात कामाला आली नसती."

"म्हणजे माझ्या फोननं गेली नाही?"

"नाही. फोननं नाही."

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगायलात."

"मला दिवसाला तीन गावं करायची असतात काका," त्या म्हणाल्या. "बरं वाटावं म्हणून बोलायला वेळ नसतो. आधीच्या महिन्यात घेतली असती तर कदाचित वाचल्या असत्या. पण तेव्हा त्यांच्या वयाला सुई सुरूच झाली नव्हती."

त्या उठून डब्याचं तापमान बघायला गेल्या. मी तसाच बसून राहिलो. लिंबाची सावली होती, दंड जरा जड झाला होता. केवळा त्या दिवशी शेतात आली तेव्हा काय म्हणाली होती ते मला आठवलं. बरं झालं फोन केलात, रांगेत उभी राहून पाय दुखले, असं म्हणाली होती. इतके दिवस फोनच्या अलीकडचं-पलीकडचं काही आठवायला मी धजलोच नव्हतो. तिनं डोक्याला टॉवेल बांधला होता आणि ड्रम भरताना ती शेतवाल्याची नक्कल करत होती. स्वतःच हसत होती. मीही हसलो होतो.

पुढचं मला नंतर लोकांनी सांगितलं.

माझी मान बाजूला पडली. हात खुर्चीवरून खाली लोंबला आणि बोटांतला पेन मातीत पडला. पहिल्यांदा त्या म्हातारीनं पाहिलं. मान टाकली, मान टाकली, असं ती ओरडली. माणसं उभी राहिली. मागचे चार-पाच जण चपला घालून गल्लीला लागलेसुद्धा. बळीराम म्हणे देवळाच्या कुलपाला हात लावून उभा राहिला. नर्स गाडीतून उतरेपर्यंत भुजंगराव माझ्याजवळ पोचले होते. पाराच्या त्या टोकापासून, तापलेल्या फरशीवरून, अनवाणी.

मला ऐकू आलं ते एवढंच. "मारोत्या. ए मारोत्या. ऊठ. मी तुला काय बोललो का? बोललो असंल तर ते सोड. ऊठ आता."

मी डोळे उघडले. भुजंगरावांनी माझे दोन्ही खांदे धरले होते आणि त्यांचं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं. डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मेलास का तू?"

"झोप लागली होती."

केवळाला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. तेराव्यानंतरही नाही. मी रात्रभर आढ्याकडं बघत पडायचो आणि दिवसा मान घालून बसायचो. हे भुजंगरावांना ठाऊक होतं. त्यांनी माझे खांदे सोडले नाहीत, पण हात सैल केले.

नर्सनं नाडी पाहिली आणि काही नाही म्हणाली. तेवढ्यात पंचफुला म्हातारीला म्हणाली, "आजी, मेलेला माणूस घोरतो का? मला तर इथपर्यंत ऐकू यायलं होतं." म्हणता म्हणता ती स्वतःच हसली. त्यावर पार हसला. खूप दिवसांनी गावात एवढी माणसं एकदम हसली. गल्लीला लागलेले पाच जण परत आले आणि आम्ही पाणी प्यायला गेलो होतो असं सांगायला लागले.

कुणी आधी उठलं ते मला दिसलं नाही. मी बघितलं तेव्हा गाडीसमोर दहा-बारा जण उभे होते. त्यात ती म्हातारी होती, आणि जिच्यापुढं केवळा रांगेत होती ती बाई होती. दारूवाल्यानं डॉक्टर बाईंना पंधरा दिवसांबद्दल विचारलं आणि त्यांनी दिलेल्या उत्तरावर तो खूश दिसला. बळीराम आता सगळ्यांच्या पुढं होता आणि लोकांना अंतर ठेवा म्हणून सांगत होता.

भुजंगराव माझ्या खुर्चीजवळ उकिडवे बसून होते. खिशातला कागद त्यांनी काढला, त्याचे आधी दोन तुकडे केले, मग चार. ते कुठं टाकावेत हे कळेना म्हणून परत खिशात घातले. मातीतला पेन उचलून धोतराला पुसला. मग ते गाडीकडं बघत राहिले.

"मला साखर आहे," ते म्हणाले. "साखरेच्या माणसाला चालती का सुई?"

ते मला विचारत नव्हते. पंचफुलाला विचारत होते. तेराव्यापासून ते तिच्याशी पहिल्यांदा बोलत होते. तिनं वहीतून मान वर केली नाही.

"चालते. साखरेच्या माणसानं तर आधी घ्यावी," ती म्हणाली. "आधार कार्ड आणा. तुम्ही चौदावे आहात. दुसरी बाटली उघडायला अजून सहा जण पाहिजेत."

भुजंगराव उठले. चपला शोधल्या, एक सापडली, दुसरी सापडेपर्यंत थांबले नाहीत. "आणतो सहा," असं म्हणून ते दुकानाच्या गल्लीकडं निघाले. जाता जाता दारादारांत लोकांची नावं घेऊन हाका मारत होते.

मी डॉक्टर बाईंना विचारलं की माझी किती मिनिटं राहिली. त्यांनी घड्याळ पाहून सांगितलं, अकरा.

मी खुर्चीत नीट टेकलो आणि डोळे मिटले. अकरा मिनिटं कधीच होऊन गेली, गाडी दुपारी दीडला गेली, तरी मला कुणी उठवलं नाही.